चोचीला ‘म’ म्हणता येत नाही

(भाईंदर येथे एका शिक्षकाच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘न पाहिलेल्या ग्रहाची बोली’ असा विषय मी कळवला, तेव्हा आयोजकांचा लगेच फोन आला. ‘ग्रह म्हणजे नक्की कुठला? शनी असेल तर लोक येतील. साडेसातीबद्दल थोडं बोलाल का?’ साडेसातीबद्दल मला बोलता येत नाही. पण आज हॉल बऱ्यापैकी भरलेला दिसतोय, तेव्हा काही जण त्या आशेने आले असतील. त्यांची आधीच माफी मागतो.

ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान आहे, ते सर आम्हाला भूगोल शिकवायचे. नववीत त्यांनी एका मनाच्या बेटाचा नकाशा काढून आणायला सांगितला होता. मी झकास बेट काढलं. ज्वालामुखी, जंगल, चाच्यांचा किल्ला, सगळं होतं. आणि एक नदी, समुद्रातून निघून डोंगरावर चढणारी. सरांनी शून्य दिलं. मी म्हटलं, सर, बेट माझ्या मनातलं आहे. ते म्हणाले, ‘बेट तुझं, पाणी माझं. ते उताराकडेच जाणार. चढवायचं असेल तर का चढतं ते लिही.’ पुढे आयुष्यात मी कल्पित जगांबद्दल जे काही वाचलं, त्यात या शून्याइतकं उपयोगी काही सापडलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या शून्याची थोडी परतफेड.

गेल्या उन्हाळी सुट्टीत इथल्याच वाचनालयात दहा-बारा मुलं जमवून आम्ही एक ग्रह रचायला घेतला. आपल्या मीरा-भाईंदरची मुलं म्हणजे घरात मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, कोकणी असं काहीही बोलणारी. पहिल्या दिवशी ग्रहावर फक्त लढाया झाल्या. लेझरच्या बंदुका, काळा राजा, गोरा राजा. तिथले लोक काय बोलतात असं विचारल्यावर एक मुलगा म्हणाला, ‘इंग्लिश. यंत्र लावलंय कानाला.’ मी कंटाळून विचारलं, ‘बरं, त्यांना हाताला बोटं किती?’ कोपऱ्यातल्या एका अकरा वर्षांच्या मुलीने उत्तर दिलं, ‘हात नाहीत. पंख आहेत. पायाला तीन-तीन बोटं. आणि तोंडाच्या जागी चोच.’

तिथून ग्रह सुरू झाला.

तीन आणि तीन सहा. म्हणजे त्यांची मोजणी सहाच्या गठ्ठ्यांनी होणार. आपण दहा झाले की एकावर शून्य मांडतो, ते सहा झाले की मांडणार. त्या मुलीचं वय तिकडे लिहायचं तर एक सहा आणि वर पाच, म्हणजे १५. तिची आई ३६ वर्षांची. सहा सक छत्तीस, म्हणजे तिकडच्या हिशेबाने आईला बरोबर १०० पूर्ण! मुलगी घरी जाऊन आईला शतायुषी झाल्याच्या शुभेच्छा देऊन आली, आणि दुसऱ्या दिवशी आई स्वतःच वर्गात हजर झाली, हा काय प्रकार चालू आहे ते बघायला.

बोटांवरून मोजणी ठरवणं आमच्या मुलांनाच सुचलं असं नाही. जेम्स कॅमेरॉनचा ‘अवतार’ हा चित्रपट २००९ च्या डिसेंबरात आला, तो आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. निळे, उंच, शेपटीवाले नावी लोक आणि त्यांचं पँडोरा. पँडोरा हा ग्रह नाही, एका अवाढव्य ग्रहाचा चंद्र आहे, पण ते असो. या नावींच्या हाताला चारच बोटं, म्हणून त्यांची भाषा आठाच्या पटीत मोजते. आठाला ‘व्होल’, चौसष्टाला ‘झाम’. ही भाषा पॉल फ्रॉमर नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने रचली. हे गृहस्थ अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या व्यापारशिक्षण विभागात शिकवत. चित्रपट आला तेव्हा त्यांच्याकडे सुमारे हजार शब्द तयार होते. पडद्यावर त्यातले मूठभरच ऐकू येतात. उरलेले कशासाठी केले, असा प्रश्न पडतो. सरांनी विचारलेल्या पाण्याचं उत्तर या न ऐकू आलेल्या शब्दांतच आहे.

नावी भाषेतली एक गंमत मराठी माणसाला फार लवकर कळेल, म्हणून सांगतो. ‘मुलगी आली.’ ‘मुलीने आंबा खाल्ला.’ मुलगी तीच, मग पहिल्या वाक्यात तिला ‘ने’ का नाही आणि दुसऱ्यात का आहे? कारण दुसऱ्यात ती कशावर तरी क्रिया करते आहे. इंग्रजी बोलणाऱ्याला हे शिकवताना घाम फुटतो. नावीमध्येही कर्म असेल तरच कर्त्याला शेपटी लागते, नुसता आला-गेला असेल तर लागत नाही. आपल्याकडे हे भूतकाळापुरतं, त्यांच्याकडे सगळ्या काळांत. आणखी एक. आपण ‘पडणे’चं ‘पाडणे’ करतो, ‘तुटणे’चं ‘तोडणे’ करतो. शब्दाच्या पोटातच बदल होतो. नावीत ‘तारोन’ म्हणजे शिकार करणे. शिकार केली असेल तर ‘तामारोन’, करणार असेल तर ‘तायारोन’. काळ क्रियापदाच्या पोटात शिरून बसतो. फ्रॉमर यांना मराठी येत होती असा माझा मुळीच दावा नाही. माणसाच्या भाषा ज्या मातीच्या झाल्या आहेत, तिच्यातूनच खोट्या भाषेचीही मूर्ती घडवावी लागते, एवढंच.

त्या भाषेला बोलीही आहेत. जंगलातल्या नावींचं बोलणं एक, समुद्रकाठच्या टोळ्यांचं जरा वेगळं. हे वाचलं तेव्हा मला उत्तन आठवलं. इथून बसने जेमतेम तासाभरावर, आणि ‘डोळा’ तिथे ‘डोला’ होतो, ‘पाणी’ ‘पानी’ होतं. एखादं जग खरं वाटायला त्यात निदान दोन गावं एकमेकांच्या बोलण्याला हसणारी हवीत.

२०२२ साली ‘अवतार’चा दुसरा भाग आपल्या देशात इंग्रजीशिवाय हिंदी, तामीळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्ये लागला. मराठीत लागला नाही. यावर एक स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल, ते दुसऱ्या कुणीतरी द्यावं.

भाषा रचणं हे परदेशातल्या विद्वानांचं काम, असा समज असेल तर तो इथेच सोडा. २०१५ च्या ‘बाहुबली’त कालकेय टोळीची ‘किलिकी’ भाषा तामीळ गीतकार मदन कार्की यांनी रचली, साडेसातशे शब्दांची आणि चाळीसेक नियमांची. जिभेच्या टकटकीसकट! आणि त्याहून जवळचं म्हणजे आपण सगळेच लहानपणी एक भाषा बोललो आहोत. ‘चीम चातोज.’ हसलात, म्हणजे समजलं. मी जातो. पहिलं व्यंजन काढायचं, तिथे च बसवायचा, काढलेलं शेवटी जोडायचं. ‘कुठे’चं ‘चुठेक’. मोठ्यांसमोर बेधडक बोलायची सोय. टॉल्किन या इंग्रज प्राध्यापकाने १९३१ मध्ये ‘एक गुप्त व्यसन’ या अर्थाच्या नावाचं भाषण दिलं होतं. त्यात तो सांगतो की लहानपणी त्याच्या ओळखीच्या मुलांमध्ये प्राण्यांच्या नावांची एक बोली चाले. पुढे त्याने एल्फ लोकांच्या भाषा रचल्या, एकीला फिनिश भाषेचा सूर, दुसरीला वेल्शचा, आणि त्या बोलायला कुणीतरी हवं म्हणून एक अख्खं जग लिहिलं. आपल्याकडेही पोरं चची भाषा बोललीच. फक्त दहावीनंतर आपण ती सोडून दिली.

व्यापाऱ्यांनी मात्र सोडली नव्हती. जुन्या बाजारांत ‘नंदभाषा’ नावाचा एक प्रकार होता. गिऱ्हाइकासमोर दलाल एकमेकांना भाव सांगत, तो गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून. दोनाला अवारू, तीनाला उधानू, चाराला पोकू, पाचाला मुळू. मोल्सवर्थने आपल्या मराठी-इंग्रजी कोशात असले शब्द टिपून ठेवले, म्हणून ते उरले. आणि विटीदांडूत आम्ही ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असं मोजायचो तेव्हा ती खेळाची भाषा आहे अशीच आमची समजूत होती. पुढे एका तेलुगू शेजाऱ्याने एक, दोन, तीन म्हणून दाखवले आणि मी चाट पडलो. दुसऱ्याची रोजची भाषा आपल्या अंगणात येऊन परग्रहाची झाली होती.

खेळ आणि व्यापार सोडून एक गंभीर उदाहरण सांगतो. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ ‘सकळ’, ‘सुंदरी’ अशा स्वतः घडवलेल्या लिप्यांत लिहून ठेवले. सकळ लिपी रवळोव्यासांची मानली जाते, चौदाव्या शतकातली. भाषा शुद्ध मराठी, पण अक्षर पाहिलं तर एकही ओळखू येऊ नये. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रासारखं गद्य अशा लिप्यांच्या पडद्याआड शेकडो वर्षं मठांमधून जपलं गेलं आणि बाहेरच्या मराठी वाचकाला त्याचा पत्ता नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्या खटपटीने कुलूप उघडलं, आणि मराठी वाङ्मयाचा इतिहास मागे सरकवून पुन्हा लिहावा लागला. कादंबरीकार आपल्या कल्पित लोकांना एक गूढ लिपी देतो ती बहुधा मुखपृष्ठाच्या शोभेसाठी. इथे हाडामांसाच्या लोकांनी ती दिली, आपलं जे सर्वांत मोलाचं ते वाचवण्यासाठी. आमच्या ग्रहावरच्या पाखरांनाही लिपी हवी असं मुलं म्हणाली, तेव्हा मी विचारलं, ‘कुणापासून काय लपवायचंय?’ तीन दिवस उत्तर आलं नाही, आणि तोवर लिपीही झाली नाही. मला ते बरोबर वाटतं.

आता मराठी कल्पित साहित्याकडे येतो, आणि जरा तक्रारीच्या सुरात येतो. आपल्याकडे अद्भुताची हौस कमी नाही. १८६१ ची ‘मुक्तामाला’, १८६८ ची ‘मंजुघोषा’, पुढे नाथमाधवांचा ‘वीरधवल’ या कादंबऱ्या घ्या. ज्यूल व्हर्नची चंद्रावरची सफर ‘केरळ कोकिळ’ मासिकातून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मराठीत आली, तेही कृष्णाजी नारायण आठल्ये दूर कोचीनला बसून मासिक चालवत होते म्हणून. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि बक्षीस घेऊन गेली. आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णू नारळीकर सापडतात. त्यांनी पुढे ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’ लिहून एका पिढीला आकाशाकडे बघायला लावलं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा माझ्यासारख्या अनेकांना घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. त्यांच्या कथांतलं पाणी नेहमी उताराकडे जातं. पण मी वाचलेल्या मराठी विज्ञानकथांमधला परग्रहवासी एकदा बोलायला लागला की थेट सदाशिव पेठेतून आल्यासारखा बोलतो. क्रियापदं वाक्याच्या शेवटी, ‘ळ’ अगदी स्वच्छ. लाखो मैल येऊन एक उच्चार चुकत नाही! भौतिकशास्त्र चोख आणि व्याकरण उसनं, अशी आपली गत आहे.

अपवाद मला बालकवितेत सापडला. विंदा करंदीकरांचा ‘एटू लोकांचा देश’ १९६३ चा. त्या लोकांची घरं उडती आहेत. ‘टिंग’ म्हटलं की घर खाली येतं, ‘टंग’ म्हटलं की वर जातं. दोनच शब्द, पण बघा, त्यात नियम आहे. इ खाली, अ वर. त्या देशात जिना या वस्तूला काय म्हणत असतील असा विचार पोराच्या डोक्यात आपोआप येतो. मला विचाराल तर मराठीतली उत्तम परग्रहकथा हीच, जरी ती हिमालयाच्या आसपासच घडत असली तरी.

आता प्राणी. पँडोरावरचे बहुतेक प्राणी सहा पायांचे आहेत. मग नावींनाच दोन हात दोन पाय का, म्हणून जाणकारांनी कॅमेरॉनला धारेवर धरलं. चित्रपटवाल्यांना याची जाण असावी, कारण मधल्या पायरीचं म्हणून जोडलेल्या हातांचं एक माकडासारखं जनावर त्यांनी दाखवलंय. आपल्याकडे गडांच्या दरवाजांवर शरभ कोरलेला असतो, जंजिऱ्याच्या दारावरच्या श्वापदाने तर हत्ती पंजांत दाबून धरलेत. ते खातं काय, हे कुणी शिल्पकाराला विचारलं नाही. पण कोकणातल्या भुतांना मात्र अशी सूट नाही. मुंजा व्हायला मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेलाच मुलगा लागतो आणि राहायला पिंपळच लागतो. गिऱ्हा पाण्यातच. चकवा वाट चुकवतो, खात नाही. इतकी काटेकोर वर्गवारी प्राणिशास्त्राच्या पुस्तकातही मला आढळली नाही.

आमच्या मुलांना प्राणी सुचेनात. सुचले ते सगळे सिनेमातले. मग त्यांना घेऊन एका ओहोटीला खाडीवर गेलो, जेसल पार्कच्या बाजूला. दुपारची वेळ, चिखल चमकत होता, आणि वास कसा होता ते इथल्यांना सांगायला नको. पाच मिनिटं काहीच दिसेना. मग चिखलच हलायला लागला. निवट्या! बोटाएवढा मासा, आणि तो पुढच्या परांवर कोपरं टेकल्यासारखा चालत होता. डोळे डोक्याच्या टोकावर, बेडकासारखे. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी भरून घेतो आणि ओल्या कातडीतून श्वास घेतो. डोळे कोरडे पडले की ते खोबणीत आत ओढून भिजवून पुन्हा बाहेर काढतो. एकाने तसे काढले आणि सगळी पोरं एकदम ‘ई’ करून ओरडली. बाजूला कांदळ. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, हिरव्या शेंगेसारखं लांब होतं आणि मग खाली चिखलात रुततं. बाळंतपण अंगावरच. तिवराची मुळं तर श्वास घ्यायला जमिनीतून पेन्सिली उभ्या केल्यासारखी वर आलेली. एक मुलगा म्हणाला, ‘हे सगळं आपल्या इथलंच आहे?’ स्टेशनला जाता-येता रोज तो याच्या काठावरून जातो.

तेव्हा आमच्या ग्रहावर खाडी आली. खाडी आली म्हणजे भरती आली, आणि मुलांनी आधीच दोन चंद्र टाकून ठेवले होते, दिसायला बरे म्हणून. आता हिशेब द्यायची वेळ आली. उत्तनच्या एका तांडेलकाकांना मुलांनी विचारलं. ते म्हणाले, तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर तीन, अष्टमी असेल तर सहा, त्या सुमाराला भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भांगात पाण्याला ओढ नसते, मग डोलजाळ्यात बोंबील येत नाही. ‘आणि काका, चंद्र दोन असले तर?’ काकांनी थट्टा केली नाही. जाळं बाजूला ठेवून म्हणाले, ‘मग तिथ्या पन दोन लागतील. दोन्ही उधानं एका दिवशी आली तर गाव वर न्यायला लागंल. आनि एकाचं उधान, दुसऱ्याचा भांग, तो दिवस बरा. त्या दिवशी लग्नं लावा.’

लग्नाचा मुहूर्त, गाव हलवायचा दिवस, दोन पंचांगं, आणि त्या पंचांगांवरून भांडणारे दोन पंथ, सगळं त्या एका वाक्यातून निघालं. संस्कृती कशी रचायची यावर परदेशात जाडजूड पुस्तकं मिळतात. मी ती घेतली आहेत, पैसे वाया गेले.

शेवटी भाषा. चोच आहे, म्हणजे ओठ नाहीत. ओठ नाहीत म्हणजे ओष्ठ्य व्यंजनं नाहीत. आपल्या वर्णमालेची मांडणीच तोंडातल्या जागांवरून केलेली आहे, त्यामुळे मुलांना शोधावं लागलं नाही; प फ ब भ म ही सबंध ओळ त्यांनी फळ्यावर पुसून टाकली. व सुद्धा गेला. पोपट बोलतो की, असं एकाने काढलं. त्यावर ठराव झाला की पोपट नक्कल करतो, आपल्याला पाखरांची स्वतःची भाषा हवी. जगातल्या कितीतरी भाषांत आईच्या शब्दात म असतो, तो यांना म्हणता येणार नाही. सगळे गंभीर झाले. मग ती मुलगी म्हणाली, ‘आई म्हणता येईल की.’ आणि खरंच, मराठीतल्या ‘आई’ला ओठ मिटावे लागत नाहीत. बाबांना मात्र नाव राहिलं नाही, त्यावर बराच वेळ हशा चालला होता. ग्रहाचं नाव त्यांनी ‘धुरेण’ ठेवलं, कारण ते चोचीला झेपतं. मीरा-भाईंदर झेपत नाही. धुरेणचा कुणी इथे उतरलाच तर स्टेशनवर ‘ईरा-आईंदर’ विचारत फिरेल.

धुरेणच्या भाषेत आजमितीला १४३ शब्द आहेत. सहाच्या हिशेबात तो आकडा ३५५ होतो, म्हणजे मुलं तिकडचा आकडा सांगत सुटली आहेत. उधाणाला चार शब्द झाले, भांगाला दोन. निवटीसारख्या प्राण्याचं नाव त्याच्या डोळ्यांवरून पडलं. वडिलांना शब्द अजून नाही. शाळेलाही नाही, पण ते मात्र मुद्दाम.

शब्दांची वही खाली वाचनालयाच्या टेबलावर ठेवली आहे, पेन दोऱ्याने बांधलेलं आहे. जाताना प्रत्येकाने एक शब्द लिहून जावा, ओठ न लागता म्हणता येईल असा. पुढे अर्थ लिहा आणि अनेकवचनही लिहा. अनेकवचनासाठी चोच एकदा वाजवायची असते. ती कागदावर कशी लिहायची, ते अजून ठरलेलं नाही.